इस्त्रीला हात लावायचा नाही

"इस्त्रीला हात लावायचा नाही!" बाबांनी दारातून पुन्हा बजावलं.

"पण ती थंडगार आहे, बाबा."

"थंड असो नाहीतर गरम. ती कामावर आहे."

आणि खरंच होती. बाबा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे कोपऱ्यात टीव्ही, आणि टीव्हीखाली जुन्या व्हिडिओ गेमचा डबा. त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये दुधाच्या दातासारखी हलायची, म्हणून बाबांनी आपली जडशीळ इस्त्री उभी करून तिला टेकवली होती. सकाळपासून गिऱ्हाइकांच्या पँटी चुरगळलेल्याच घरी चालल्या होत्या.

याला कारण आत्या. ती नर्स. तिला सुट्टी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आज ती आली आणि भावाबहिणीने चहासुद्धा न पिता गेम लावला. लहानपणी शेवटच्या किल्ल्याच्या आत काय आहे ते त्यांना कधी दिसलंच नव्हतं, कारण प्रत्येक वेळी त्यांची आई "जेवायला चला" म्हणून बटण बंद करायची. आज मात्र दोघं किल्ल्याच्या दारापर्यंत पोचले होते.

आपली नायिका हे सगळं नाक मुरडून बघत होती. घरात तिला वकीलबाई म्हणत. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. मग एका वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि तोंडाला जे चाक लागलं, ते काही थांबेना. उद्या शाळेत वादविवाद होता. विषय, 'जुने व्हिडिओ गेम आजही खेळण्याजोगे आहेत'. वकीलबाई अर्थातच विरोधात.

"आत्या, राग मानू नकोस, पण हा हिरो आहे की सांडलेले फासे?"

"तू पाळण्यात होतीस तेव्हा तूही काही फार रेखीव नव्हतीस गं," आत्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तरी घेतलंच ना आम्ही कडेवर?"

एवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. संध्याकाळी समारंभ आणि कोटाचा पत्ता नाही! बाबांनी गेम थांबवला, नजर लागू नये म्हणून टीव्हीवर टॉवेल टाकला आणि कोट पोचवायला निघाले. सोबतीला आत्याही गेली.

वकीलबाईला उद्याचा स्कर्ट आठवला. तो असा चुरगळलेला, की जणू त्यात कुणी झोपून उठलंय. एक स्कर्ट, असा कितीसा वेळ लागतोय? तिने इस्त्रीच्या जागी रिळांचा डबा टेकवला, इस्त्री दुसरीकडे लावली आणि भाषण घोकत स्कर्टवर फिरवायला सुरुवात केली. "मान्यवर परीक्षकहो, या ठोकळ्यांत कोण जीव रमवणार..."

टक्.

डबा सरकला. पिन निसटली. टॉवेलमागचा उजेड गेला.

वकीलबाई मुळीच घाबरली नाही. तिला माहीत असलेला प्रत्येक गेम सगळं लक्षात ठेवायचा. फोन बंद पडो, पाण्यात पडो, आपण सोडलं तिथून पुन्हा सुरू! तिने टॉवेल ओढून टाकला आणि पिन खोचून डबा पुन्हा टेकवला. पीं-पीं संगीत वाजलं. पडद्यावर एकच ओळ आली, 'सुरू करा'.

"आई, याचं सेव्ह केलेलं कुठे असतं?"

"सेव्ह?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याला कुठलं आलंय सेव्ह! बंद केलं की गेलं." मग जरा थांबून, "का गं?"

म्हणजे बाबा-आत्याची सकाळपासूनची सगळी मेहनत गेली. पण धीर सोडेल तर ती वकीलबाई कसली! हे तर लहान मुलांचे ठोकळे. ते दोघं येईपर्यंत आपण किल्ल्याच्या दारात.

पहिल्याच खड्ड्यात हिरो पडला. परत पडला. मग त्याने उडी मारली, ती थेट कासवाच्या डोक्यावर, आणि मेला तो हिरोच.

"सरक," आई हात पुसत आली. "उडी काठावर जाऊन मारायची. आधी नाही."

"तुला कसं माहीत?"

"लग्न ठरलं तेव्हा तुझे बाबा मला दुसरं काही दाखवतच नव्हते."

मग काय विचारता! मायलेकी आळीपाळीने उड्या मारू लागल्या. "डावीकडे, डावीकडे!" "अगं वर बघ!" दुसरा टप्पा आला तेव्हा दोघी किंचाळल्या. धूर दिसला तेव्हा दोघी पुन्हा किंचाळल्या. इस्त्री स्कर्टवरच राहिली होती.

आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

खोलीभर धूर, टॉवेल जमिनीवर, स्कर्टला इस्त्रीच्या आकाराचं भोक आणि पडद्यावर दुसरा टप्पा. वकीलबाईने धावत जाऊन इस्त्रीची पिन उपटली.

"मी... रिळांचा डबा लावला होता..."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आत्या हसली. "जाऊ दे गं. तेव्हा आई बंद करायची, आता नातीने केलं. घराण्याची रीतच आहे." पण निघताना तिने बुटांच्या नाड्या फार वेळ बांधल्या. पुन्हा सुट्टी कधी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. वकीलबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तो पहिला खड्डा आपल्याच पायाखाली यावा.

बाबा मशीनवर बसले. गणवेशाच्या कापडाचे फक्त तुकडे उरले होते. ते चौकोनी कापून, एकाला एक जोडून त्यांनी ठिगळ लावलं.

"जवळून बघू नकोस," ते म्हणाले. "लांबून छान दिसतं."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई स्कर्टवर चौकोन घेऊन व्यासपीठावर उभी राहिली, आणि ठोकळ्यांत कोण जीव रमवणार, असं गेम खेळून सुजलेला अंगठा पाठीमागे लपवून गरजली. पाठ केलेलं भाषण धडाधड बाहेर पडलं. टाळ्या! पहिला क्रमांक! हातात भलामोठा पितळी कप! हरून जेवढी लाज वाटली नसती, तेवढी तिला जिंकून वाटली. घरी आल्यावर तिने कप चिंध्यांच्या पोत्यात खुपसला.

ठिगळासाठी चिंधी शोधताना तो बाबांच्या हाती लागलाच.

"कुठल्या बाजूने बोललीस?"

"विरोधात," ती जमिनीकडे बघत पुटपुटली.

बाबांनी कप हातात तोलून पाहिला. "चांगला जड आहे," एवढंच म्हणाले.

पुढल्या सुट्टीला आत्या आली, तेव्हा बाबा टेबलाशी पँटीला कडक इस्त्री करत होते. कोपऱ्यात टीव्हीवर टॉवेल होता. आत्याने तो उचलला, तर समोर शेवटच्या किल्ल्याचं दार! घरातल्या तिघांनी अंगठे झिजवून हिरोला तिथवर आणून उभं केलं होतं. आत्याचा हात तोंडावर गेला. मग तिची नजर खाली, भिंतीतल्या पिनेकडे वळली.

"अरे वा, कप! कुणाचा? कशाबद्दल मिळाला?" ती वाकली.

वकीलबाई कानापर्यंत लाल झाली आणि मध्ये आडवी पडली.

"आत्या, कपाला हात लावायचा नाही! तो कामावर आहे."