खाजाभाई, जेवलात का?

लातुरात कुठलाही मोठा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कुणीतरी एक जण स्टेजवर माइकसमोर उभा राहतो आणि अगदी घरातल्या आवाजात विचारतो, "खाजाभाई, जेवलात का?"

सभागृहाच्या पार टोकाला, शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर कार्यक्रमांना माइक-स्पीकर पुरवणारे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसलेले असतात. खांद्यावर पांढरी दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा रुमाल. प्रश्न नीट ऐकू आला, की दस्ती वर जाते आणि तिथूनच उत्तर येतं, "हाव! ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी!" ऐकू आला नाही तर खाजाभाई हूं की चूं करत नाहीत. मग पोरं स्पीकर हलवतात, वायरी तपासतात आणि पुन्हा विचारतात. खाजाभाई जेवल्याचं कबूल करेपर्यंत कार्यक्रम सुरू होत नाही.

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग असं म्हणणाऱ्याचा त्यांना भयंकर राग. "भाषणात कुणी हॅलो म्हनतं का? माणसाला माणसासारखं काही इचार की! मग कळंल आवाज जातो का न्हाई." त्यांच्या या हट्टापायी एका निवृत्त न्यायाधीशांनी, दोन कीर्तनकारांनी आणि पुण्याहून आलेल्या एका नटानं भरसभेत खाजाभाईंच्या जेवणाची चौकशी केलेली आहे. नटानं जरा जास्तच भावनेनं विचारलं. त्याला तीनदा विचारावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या खुर्चीवर जो कुणी बसला असेल, त्याची ते तोंडी परीक्षा घेतात. "काय ऐकलं, सांगा." एकदा एक काका म्हणाले, मला तर डुलकी लागली होती बघा. मला वाटलं, आता काकांचं काही खरं नाही. पण खाजाभाई खूश. "झोप लागली म्हंजे आवाज टोचत नव्हता."

दस्तीच्या खुणाही ठरलेल्या. वर गेली तर ठीक. कानाला लावली तर आवाज कमी. डोक्यावर घेतली तर अक्षरही कळत नाही. एकदा प्रमुख पाहुणे माइकपासून हातभर लांब उभं राहून बोलत होते. खाजाभाईंनी डोक्यावर दस्ती घेतली. पाहुण्यांना वाटलं, नमाजची वेळ झाली असावी. त्यांनी अदबीनं भाषण आवरतं घेतलं. त्या दिवशी लोकांनी पाहुण्यांपेक्षा खाजाभाईंना जास्त दुवा दिली.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी पुण्यात दोन वर्षं राहून परिषदांच्या तांत्रिक व्यवस्थेचं शिक्षण घेऊन आलो. येताना काळा टी-शर्ट, कानाला लावायचा हेडसेट आणि बोलताना खांदे उडवायची सवय आणली. लातुरात क्लासेसचं पीक जोरात. एकेका क्लासच्या परिषदेला सभागृहं कमी पडतात, म्हणून अर्धी पोरं समोर आणि अर्धी घरी मोबाईलवर. त्याला हायब्रिड म्हणतात. मी हा शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणायचो. खाजाभाई म्हणायचे, "आमच्याकडं तुरीचं बियाणं असतं हायब्रिड. उगवंल का तुझं?"

ते मला मॅनेजरसाब म्हणायचे. मला वाटायचं, आदरानं म्हणतात. माझ्या आईला तेव्हाच कळलं होतं.

तर, एका क्लासच्या सरांनी वर्षातली सगळ्यात मोठी परिषद माझ्याकडं दिली, आवाजाचं काम अर्थातच खाजाभाईंचं. मुख्य सभागृह लातुरात, दुसरं नांदेडला पडद्यावर जोडलेलं, आणि बाकी हजारो पोरं गावोगाव घरी. ही परिषद नीट झाली तर वर्षभराचं काम माझं, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. डॉक्टर व्हायचं असेल तर काय करावं, यावर सर दीड तास बोलणार आणि शेवटी तोंडी दहा प्रश्न विचारणार. पडद्यावर काही लिहून येणार नाही, फक्त ऐकायचं आणि उत्तरं पाठवायची. अचूक आणि सगळ्यात आधी पाठवणाऱ्या दहा जणांना वर्षभराची शिकवणी मोफत. पोरांचं सगळं लक्ष त्या दहा प्रश्नांवर.

आदल्या दिवशी खाजाभाईंनी मला गाठलं. "मॅनेजरसाब, सभागृहातली शेवटची खुर्ची मला म्हाईत हाय. नांदेडचीबी बघून आलो. ही मोबाईलवाली पोरं हायेत, त्यांच्यातली शेवटची खुर्ची कुठं हाय?"

मी खांदे उडवले. "चाचा, ऑनलाइनमध्ये शेवटची खुर्ची नसते. सगळे सारख्याच अंतरावर. सगळं सर्व्हरवर असतं."

"सर्व्हरला ऐकू येतं का?"

मी वैतागून नोंदणीची यादी उघडली आणि सगळ्यात शेवटचं नाव दाखवलं. शिरूर अनंतपाळच्या पुढं एका वस्तीवरची बारावीची मुलगी, वैष्णवी. "ही घ्या तुमची शेवटची खुर्ची. जा, बसून या." मी चेष्टा केली. चारचौघांत हशा पण झाला, मी स्वतःवर फार खूश झालो.

सकाळी सभागृहात खाजाभाई नाहीत! फोन केला तर काळ्या-पिवळ्या जीपचा खडखडाट. "शिरूरला चाललोय. तूच म्हनालास ना, बसून या."

"अहो चाचा, आवाजाचा मिक्सर कोण सांभाळणार?"

"तू हाईस की. लई शिकून आलास."

मी तणतणलो. मग म्हटलं, गेला तर गेला म्हातारा, बरंच झालं. आज सगळं शास्त्रशुद्ध होईल. माझ्याकडं दोन पानी तपासणी यादी होती. फोनमुळं माइकमध्ये खरखर येते, म्हणून मी कामावरच्या सगळ्या पोरांचे फोन बंद करायला लावले आणि माझाही बंद केला. मोबाईलवरची पोरं 'सर कसे आहात' लिहून गोंधळ घालतात, म्हणून प्रश्न सुरू होईपर्यंत त्यांना लिहायची सोय बंद केली. ऑनलाइन कसं दिसतंय ते बघायला एक लॅपटॉप समोर ठेवला आणि सभागृहात घुमायला नको, म्हणून त्याचा आवाज बंद केला. एकेका ओळीपुढं बरोबरची खूण करत गेलो. मला कुणी काही सांगू शकेल अशी एकही वाट मी उघडी ठेवली नाही. आणि खाजाभाई जेवले का, हेही त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी हॅलो, हॅलो म्हणून मोकळा झालो.

सर बोलायला लागले. लातूर टाळ्या वाजवतंय. पडद्यावर नांदेड टाळ्या वाजवतंय. समोरच्या लॅपटॉपवर सर झकास दिसतायत. मी हात बांधून उभा राहिलो आणि मनातल्या मनात गाडी बुक केली.

तासभर झाला असेल. तेवढ्यात सभागृहाच्या मधल्या वाटेनं, हातात किटली घेऊन, बाहेरचा चहावाला सिद्राम सरळ माझ्याकडं चालत आला. मी हातवारे करतोय की जा, जा. तो कशाला जातो? जवळ येऊन स्वतःचा फोन माझ्या तोंडासमोर धरत म्हणाला, "खाजाभाई हायेत. म्हनतेत, सरांचं नुसतं तोंड हलून राहिलंय."

मी फोन घेतला. "मॅनेजरसाब," पलीकडून आवाज आला, "तुझा फोन बंद, सगळ्या पोरांचे बंद. शेवटी सिद्रामला लावला, त्याच्यावर तुझा हुकूम चालत न्हाई. इथं आवाज न्हाई बाबा. पयल्यापास्नं न्हाई."

मिक्सरवर बघितलं. ऑनलाइनकडं जाणाऱ्या आवाजाची कळ पार खाली. सकाळी तपासताना घुमतंय म्हणून मीच खाली ओढली होती. वर करायची राहिली. यादीत त्या ओळीपुढं बरोबरची खूण होती, चांगली ठसठशीत.

नांदेडची लाइन वेगळी होती, म्हणून नांदेड टाळ्या वाजवत होतं. गावोगावची हजारो पोरं मात्र तासभर मुक्या सरांकडं बघत होती, आणि थोड्या वेळात सर ते दहा प्रश्न विचारणार होते.

कळ वर केली. पण आवाज खरंच गेला का? लॅपटॉपवर विश्वास ठेवायची माझी आता छाती होईना. सरांनी नेमकं पाणी प्यायला ग्लास उचलला. मी धावत स्टेजवर गेलो, त्यांच्यासमोरचा माइक माझ्याकडं ओढला आणि लातूर, नांदेड आणि सगळ्या गावांसमोर विचारलं, "खाजाभाई, जेवलात का?"

सरांच्या घशात पाणी अडकलं. खाली मिक्सरपाशी सिद्राम एका हातात किटली, दुसऱ्या हातानं कानाला फोन लावून उभा. जरा वेळानं त्यानं किटली उंच केली आणि खड्या आवाजात सांगितलं, "हाव म्हनतेत! पिठलं-भाकर! पोरीच्या आईनं केलंय!"

लातूर हसलं, मग नांदेड हसलं. मी माइकवरूनच कबूल केलं, की चूक माझी आहे, घरच्या मुलांना तासभर आवाज गेलेला नाही. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता, मी बघितला नाही. पण माणूस सच्चा. त्यांनी अख्खं भाषण थोडक्यात पुन्हा सांगितलं आणि मगच प्रश्न विचारले.

वैष्णवी त्या दहांत आली नाही. वर्षभराचं काम मलाही मिळालं नाही. ते बरोबरच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सभागृहात वायरी गुंडाळत बसलो होतो. मी मान खाली घालून विचारलं, "चाचा, ती पोरगी चिडली असेल ना?"

"चिडती कशाची? मी गेलो तर लिंबाखाली मोबाईल धरून बसली होती. सरांचं तोंड हलतंय, ही फळ्यावरचं वहीत उतरून घेतीय. तीनदा मोबाईल बंद करून चालू केला म्हनली. तिला वाटलं, आपलाच मोबाईल खराब हाय. मी म्हनलो, बेटा, मोबाईल चांगला हाय तुझा. खराबी आमच्या मॅनेजरसाबमध्ये हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"शेवटी बसलेला माणूस बोंब मारत न्हाई रे. त्याला वाटतं, चुकी आपलीच हाय." मग म्हणाले, "किल्लारीच्या टायमाला तू जन्मला पन नसशील."

भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जनाचे भोंगे त्यांच्या जीपवर अजून बांधलेलेच होते. त्याच जीपनं ते किल्लारीला गेले. तंबू लागले, तसं त्यांना एक काम मिळालं. कुणाचं माणूस कुठल्या दवाखान्यात आहे, त्याची चिठ्ठी यायची आणि खाजाभाई भोंग्यावरून नाव पुकारायचे. जेवण आलं की तेही पुकारायचे.

"एका म्हातारीचा पोरगा लातूरला दवाखान्यात होता. जिता होता. आईला बोलवा म्हनून चिठ्ठी आली. मी नाव पुकारलं. धा बार पुकारलं. मला वाटलं, एवढा मोठा भोंगा, जाईल की आवाज. जीपवरून खाली उतरून बघितलं न्हाई मी. वारं उलट्या बाजूचं होतं. ती शेवटच्या तंबूत बसली होती."

माझं वायर गुंडाळणं थांबलं.

"तिसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली, पोरगा गेल्याची. मग चालत गेलो शोधत. ती बसल्याली, दोन्ही हात मांडीवर. पोराचं सांगायला गेलो आन् तोंडच उघडंना. काय बोलावं? तोंडातून निघालं, मावशी, जेवलात का?"

दस्ती त्यांनी खांद्यावरून काढली, झटकली आणि परत खांद्यावर टाकली.

"म्हनली, न्हाई बाबा. आमाला कुनी बोलावलं न्हाई."

मला रडू आलं. मी वायरीची गाठ सोडवतोय असं दाखवलं, वायरीला गाठ नव्हती. इतकी वर्षं आम्ही सगळे स्टेजवरून दात काढत तो प्रश्न विचारत होतो.

त्यानंतरचं माझं पहिलं काम म्हणजे एका शाळेचं गॅदरिंग. दोनशे खुर्च्या. हायब्रिडचं नाव नाही. हेडसेट घरीच ठेवला आणि गेल्या गेल्या शेवटच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसलो. खाजाभाईंनी लांबून बघितलं. मग आयुष्यात कधी स्टेजवर न चढणारा तो माणूस पायऱ्या चढून वर गेला, माइकसमोर उभा राहिला आणि एकदम हळू, कुणी शेजारी बसून बोलावं तसं म्हणाला, "मॅनेजरसाब, जेवलात का?"

मला स्पष्ट ऐकू आलं. खिशात हात घातला. सकाळी येताना बाजारातून एक पांढरी दस्ती घेतली होती, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. ती तशीच वर केली.