मल्हारीअण्णांची लाईन

मल्हारीअण्णा उजव्या हाताने भाकरी मोडत आणि डाव्या कोपराने कीबोर्डचं बटण दाबत. दर चार मिनिटांनी. तोंडात घास असला तरी पडद्याकडे बघून म्हणत, “हाय. जीव हाय.” मग पुढचा घास.

बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमचं गोदाम आहे. औषधांच्या कच्च्या मालाचे ड्रम येतात, जातात. त्यांच्या नोंदी हैदराबादच्या एका मोठ्या संगणकात असतात. तिथवर पोचायला आमच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, पासवर्ड टाकायचा आणि काम करत राहायचं. पण पाच मिनिटं कुणी काही टाईप केलं नाही, की पलीकडच्याला वाटायचं माणूस उठून गेला. तो लाईन तोडून टाकायचा. अर्धवट नोंद गेली, सकाळपासून मोजलेले ड्रम पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून अण्णा लाईन राखत बसत.

अण्णा हुलसूरचे. निवृत्तीला आलेले, बायको वारलेली, घरी एकटेच. “माझा आजा मेंढरं राखायचा, मी लाईन राखायलो,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. “डोळा लागला की गेलंच.” मुतारीला जाऊन तीन मिनिटांत परत येत. एकदा त्यांनी बटणावर एक गोटा ठेवला आणि खुशाल केस कापायला गेले. परत येईपर्यंत एका ड्रमच्या नावापुढे इतकी मोकळी जागा पडली होती, की हैदराबादहून फोन आला, “तुमचा ड्रम नक्की किती लांब आहे?”

मी उदगीरहून लग्न करून बिदरला आले आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर नोकरीला लागले. ते मला ‘माय’ म्हणत. महिन्याभराने त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर बटण सोपवलं. “माय, बँकेत जाऊन येताव. पंधरा मिनिटं. तेवढं दाबत ऱ्हा.” मी “हो” म्हटलं आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. लाईन गेली. दिवसभराचं काम गेलं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर अण्णांना झापलं. अण्णांनी माझं नाव घेतलं नाही. “माझंच चुकलं, साहेब,” एवढंच म्हणाले.

पण त्यानंतर बटण काही त्यांनी मला दिलं नाही. माझं नाव घेतलं नाही याचे उपकार वाटायला हवे होते, मला आला राग. एवढं काय त्या बटणात?

रागाच्या भरात मी शोधाशोध केली. त्या काळ्या खिडकीच्या सेटिंगमध्ये एक चौकट होती आणि चौकटीत शून्य होतं. शून्याच्या जागी साठ लिहिलं, की दर साठ सेकंदांनी संगणक आपणहून पलीकडे हाक मारतो आणि लाईन तुटत नाही. आधी माझ्या मशीनवर करून बघितलं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी काही टाईप केलं नाही आणि लाईन जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा यायच्या आधी मी त्यांच्या मशीनवरही साठ लिहून ठेवलं.

त्यांना सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मॅनेजरसाहेब येणार होते, तेव्हा त्यांच्यासमोर सांगायचं ठरवलं. बाकी सगळ्या ऑफिसला मात्र सांगून टाकलं. मग आमची करमणूक सुरू झाली. अण्णा कोपर टेकवून “जीव हाय” म्हणाले, की मागे कुणीतरी तोंडात रुमाल कोंबायचं. अण्णांना वाटायचं, कामावर हल्ली लोक खुशीत आहेत.

बुधवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिशवीत स्टीलचा मोठा डबा होता. अकरा वाजता ते खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. मग माझ्याकडे वळले.

“माय, एक काम करतीस का? माझी रेणुका लातूरहून हैदराबादला जायली. बिऱ्हाड घेऊन. साडेअकराला बस स्टँडात येती, ईस मिनिटं थांबती. तेवढा डबा दे तिला.”

रेणुका म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून तीन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या रात्री तिनेच फोन केला होता.

“तुम्हीच जा की, अण्णा.”

“आख्ख्या गोदामाची मोजणी चालू हाय. मी उठलो की लाईन जाती.” त्यांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, तू दाबतीस का. पण ते म्हणाले, “न्हाई, ऱ्हाऊ दे. तूच जा.”

शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. अण्णा, लाईन जात नाही, जा. पण मागच्या टेबलावरून कुणीतरी मला डोळा मारला, आणि शनिवार फक्त तीन दिवसांवर होता. मी डबा घेतला आणि रिक्षात बसले.

स्टँडवर रेणुका बसमधून खाली उतरून उभी होती. मी ओळख सांगितली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती माझ्या खांद्यावरून गेटकडे.

“अप्पा न्हाई आले?”

“काम आहे. उठता येत नाही त्यांना.”

“व्हय,” ती म्हणाली. “कळलं.” तिने डबा उघडला. आत शेंगापोळ्या होत्या, जाडजूड, एकही गोल नाही. “अप्पांनीच लाटल्यात.” तिने झाकण लावलं आणि कंडक्टरने दोनदा हाक मारेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

परत आल्यावर मी अण्णांना एवढंच सांगितलं, “डबा दिला. बरी आहे ती.” त्यांनी मान हलवली आणि बटण दाबलं.

शनिवारी मॅनेजरसाहेबांसमोर मी ती चौकट दाखवली. आठ दिवसांपासून अण्णा उगीचच बटण दाबतायत म्हटल्यावर साहेब पोट धरून हसले. सगळेच हसले. अण्णाही हसायला लागले, आणि मध्येच थांबले.

“आठ दिवस? म्हंजे बुधवारी बी चालूच व्हती का?”

मी “हो” म्हटलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला; बाकीचे अजून हसतच होते. अण्णांनी कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण आधी रडूच आलं.

“तू कामून रडायलीस?” ते म्हणाले. “लाईनीचं एक निमित्त झालं, माय. मला तिच्यासमोर जायाचं भ्या वाटत व्हतं. तीन सालं झाली. काय बोलावं म्हनून.”

ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, मला आजही ठरवता येत नाही. भीती त्यांना वाटलीही असेल. पण शर्ट त्यांनी इस्त्री केला होता, आणि खुर्चीतून दोनदा उठले होते. मी एक वाक्य बोलले असते, तर तिसऱ्यांदा उठून ते गेले असते.

ते पिशवी गोळा करत होते. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, “डबा तिनं खिडकीतून घेतला का गं?”

“नाही अण्णा. खाली उतरून उभी होती.”

“बस सुटस्तवर?”

“बस सुटेपर्यंत.”

“आन् बघत कुठं व्हती?”

“गेटकडं,” मी म्हटलं.