दिसते, पण उपलब्ध नाही

बेटावर सुट्टीला गेल्यावर निदान एक डोंगरवाट चालून यायची, असं आमच्या घरात एकमताने ठरलं. त्यानंतर एकमताने काही ठरल्याचं मला आठवत नाही.

आम्ही चौघे होतो. मी, माझा मुलगा, सूनबाई आणि माझ्या नणंदबाई, ज्यांना मी आजही वन्सं म्हणते आणि त्या आजही ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मला वाट ठाऊक होती. लग्नानंतरच्या वर्षी मी आणि हे याच बेटावर आलो होतो. तेव्हा वाट निवडावी लागत नसे. धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या बाईला आम्ही विचारलं, वर कुठून जायचं. तिने हनुवटीने दाखवलं, आम्ही गेलो. वर एक धबधबा, समोर समुद्र आणि दोघांना पुरेल एवढा सपाट खडक. हे गेल्यापासून मला त्या खडकावर एकदा बसून यायचं होतं. गुडघे पाहून डॉक्टर म्हणाले होते, काय चढायचं ते यंदा चढून घ्या. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना वाईटही वाटत होतं.

मुलगा अभ्यासू. निघण्याआधी कित्येक आठवडे तो फोनवर बेटावरच्या वाटांचे अभिप्राय वाचत होता. एका कड्याला कुणीतरी एकच तारा दिला होता, कारण तिथे उंची फार होती. एका ओढ्याबद्दल लिहिलं होतं, जागा छान, पण ओल आहे. सूर्योदयाच्या टेकडीवर सूर्य उशिरा आला म्हणून एका गृहस्थांनी व्यवस्थापनाचा निषेध केला होता. मुलगा प्रत्येक अभिप्रायाला मान डोलवी आणि एकेक वाट बाद करी. बेटावर उतरलो तेव्हा त्याच्याकडे माहिती भरपूर होती आणि वाट एकही नव्हती.

म्हणून आम्ही पायवाट निवड साहाय्य केंद्रात गेलो. तिथे गेल्याशिवाय बेटावर चालताच येत नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. थंडगार दालन, मऊ खुर्च्या, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर जंगलाचं चित्र. चित्रामागे खिडकी होती. पडदा जरा सरकवला की खरं जंगल दिसे, पण त्यावर प्रकाश परावर्तित होतो म्हणून पडदा सरकवायला मनाई होती.

निवड अधिकारी नम्र होते. पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर ठेवून बसायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्या चढाईच्या जाडजूड बुटांच्या तळाला चिकटलेलं दुकानाचं लेबल स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, कुटुंबाने आधी एकच सामाईक अपेक्षा ठरवावी. मतभेद वर जाऊन सुरू झाले तर बचाव पथकाला चढावं लागतं आणि पथकातल्या लोकांना चढण सोसत नाही.

सामाईक अपेक्षा ठरवायला सकाळ गेली. वन्संना सावली, सपाटी आणि पावलागणिक बाकडं हवं होतं. सूनबाईला असा देखावा हवा होता, जो तिच्या मैत्रिणीच्या देखाव्यापेक्षा थोडासाच वरचढ असेल, कारण फार वरचढ असला तर मैत्रीण अभिप्राय देत नाही. मुलाला अगदी अनवट, कुणालाही ठाऊक नसलेली वाट हवी होती, जिची पुष्कळ लोकांनी शिफारस केलेली असेल.

"आणि आजी, तुम्हाला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी उठून पडदा जरासा सरकवला आणि बोट दाखवलं. केंद्राच्या मागच्या दारापासून माझी वाट सुरू होत होती, लाल मातीची, झिजून गुळगुळीत झालेली.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "दिसते आहे," ते म्हणाले, "पण उपलब्ध नाही."

त्या वाटेला श्रेणी नव्हती. श्रेणी अभिप्रायांवरून ठरते, अभिप्राय चालणाऱ्यांनी द्यायचे, आणि श्रेणी नसलेल्या वाटेवर कुणाला चालू देता येत नाही.

"मग ती इतकी झिजली कशी?" मी विचारलं.

"वरच्या वस्तीतले लोक जातात-येतात. पण ते निवडून जात नाहीत हो. त्यांना नुसतं घरी जायचं असतं."

या उत्तराने मुलाचं समाधान झालं. वन्सं माझ्याकडे पाहून, तुझं आपलं पहिल्यापासून असंच, असं काहीतरी पुटपुटल्या.

दुपारी आमच्या चौघांच्या अपेक्षांची सरासरी काढण्यात आली. सरासरीतून जी वाट निघाली, ती केंद्राच्या वाहनतळाला वळसा घालून पुन्हा केंद्रात येत होती. ती बेटावरची सर्वाधिक पसंतीची वाट होती आणि तिच्यासाठी रांग होती. मुलाने हरकत घेतली. हरकतीची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. सुनावणीत असं ठरलं, की आम्हाला निवडीची सवय नसल्याने गोंधळ होतो आहे, तरी आधी निवडपूर्व मार्गदर्शन घ्यावं. मार्गदर्शन ज्यांनी केलं ते गृहस्थ पूर्वी आमच्यासारखेच प्रवासी होते. वाट ठरेना म्हणून राहिले आणि राहता राहता त्यातले तज्ज्ञ झाले. शेजारच्या खुर्चीवरचं जोडपं मधुचंद्रासाठी आलं होतं. बाई बोलायला फार गोड. त्यांच्या मुलाला आता इथल्याच शाळेत घातलंय म्हणाली.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी परतीचं विमान होतं. मुलगा पडद्यासमोरच्या चालत्या पट्ट्यावर सराव करत होता. समोर जंगल पुढे सरकत होतं, पक्षी ओरडत होते, आणि सूनबाई त्याचा फोटो काढत होती. फोटो खरोखरच चांगला आला. वन्सं म्हणाल्या, हेच बरं आहे, चिखल नाही.

मी पर्स उचलली आणि मागच्या दाराशी गेले. रखवालदाराने विचारलं, कुठे.

"घरी चालले," मी म्हटलं.

त्याने दार उघडलं. घरी जाणाऱ्या माणसाला अडवायची तरतूद नव्हती.

चढण मला आठवत होती त्याहून कमी होती आणि गुडघे आठवत होते त्याहून वाईट. झाडाच्या मुळांना धरून, बसत, उठत, स्वतःलाच दम देत मी वर पोहोचले. आणि तिथे धबधबा म्हणून जे होतं, ते पाहून मी आधी मागे वळून पाहिलं, की वाट चुकले की काय. माझ्या कमरेइतक्या उंचीवरून पाण्याची एक धार पडत होती. तिच्यापेक्षा घरच्या नळाला जोर जास्त असतो. ह्यांनी जन्मभर लग्नाकार्यात, आगगाडीत, दवाखान्यात भेटेल त्याला सांगितलेला तो गर्जणारा धबधबा हा होता, आणि मी जन्मभर शेजारी बसून मान डोलावली होती. खडकावर बसून मी एकटीच इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. खडक दोघांना पुरेल एवढाच होता. त्यात मात्र ह्यांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं.

खाली उतरले तर अख्खं केंद्र दारात उभं. रागावलं कुणीच नव्हतं. उलट अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला होता. श्रेणी नसलेल्या वाटेवर चालून आलेली मी पहिली प्रवासी होते. माझा एक अभिप्राय मिळाला की वाट उपलब्ध होणार होती. त्यांनी माझ्यासमोर तारे धरले.

मी विचार केला. चांगलं म्हणावं, तर उद्या तिथे रांग लागणार. म्हणून एकच तारा दिला, आणि तक्रारी सांगितल्या, एकीपेक्षा एक लांबलचक. चढ आहे. चिखल आहे. धरायला काही नाही. फोन लागत नाही. धबधबा तर अगदीच लहान, फसवणूक म्हणावी असा. मुलाने हळहळून माझ्या पाठीवर हात ठेवला. आता तिकडे कुणी फिरकणार नाही, या समाधानात मी विमानात बसले.

केंद्र अत्यंत कार्यक्षम निघालं. त्यांनी माझी एकही तक्रार पडून राहू दिली नाही. चढ कापला. चिखलावर फरशी घातली. कठडे बसवले, मनोरा उभारला, आणि पंप लावून धबधब्याला ह्यांनी सांगितला होता तसा आवाज दिला. आज ती बेटावरची पहिल्या क्रमांकाची अनवट वाट आहे.

मुलानेच ती शोधून काढली. "आई," तो म्हणाला, "तुला अशी एक जागा दाखवायची आहे, तू विचारही केला नसशील."

आता वर विजेची गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. मी दर वर्षी जाते आणि सकाळपासून खडकावर अर्ध्या जागेत बसते. तुम्ही येऊन गेलात, मी पाहिलंय तुम्हाला. जागा फार आवडली, असं तुम्ही लिहिलंत, आणि अर्धा तारा कापलात, कारण फोटोच्या बरोब्बर मध्ये एक म्हातारी बसते आणि सांगूनही हलत नाही.

केंद्राने तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे.