खाट वळते का?

पंचावन्न साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शेठजींच्या हातावर नव्या बिऱ्हाडाची अनामत म्हणून एकशे वीस रुपये ठेवले. जागा, चांद्याच्या जटपुरा दरवाजाबाहेर अर्धवट बांधून झालेली दुमजली इमारत. हजर होते लाकडाचे व्यापारी आणि इमारतीचे मालक शेठजी, त्यांचे हमीद मिस्त्री, मी आणि एक खाट.

खाट जिन्यात अडकली होती. एक हमाल तिच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या. खाटेवर घोंगडीत गुंडाळलेलं धानाचं पोतं. पोत्याच्या उशाशी एक सडपातळ गृहस्थ, वय साठीच्या पुढे, हातात सुताराची पट्टी.

"वळत नाई," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"अरे, उभी करा ना ती खाट!" शेठजी ओरडले. "निघते का नाई पाहा!"

"खाट उभी होते, शेठजी. बिमार मानूस उभा होते का?"

हे डोमाजीभाऊ. चांद्यात त्या काळी वर चढणारी एकही इमारत अशी नव्हती की जिच्यात त्यांची खाट आधी चढली नाही.

कुरखेड्याच्या लाकूड डेपोवर ते तीस वर्षं मुन्शी होते. नोकरी संपली तसे चांद्याला येऊन एका गल्लीत खोली घेऊन राहिले. बायकोपोर नव्हतंच. त्याच सुमारास गावाला बांधकामाचं वेड लागलं. परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, आत जागा उरली नव्हती. ज्याच्याकडे पैसा तो दरवाजाबाहेर निघाला, आणि बाहेर निघून वर चढला. एकावर एक बिऱ्हाडं, त्यांना 'ब्लॉक' म्हणायचं. ब्लॉक हा शब्द उच्चारताना आमच्या कचेरीतली माणसं उगाच सदऱ्याची कॉलर नीट करत.

नवा नकाशा म्युनिसिपालिटीच्या फळ्यावर लागला की पहिला वाचक डोमाजीभाऊ. दर सोमवारी सकाळी, शिपाई कुलूप काढायच्या आधी, ते पायरीवर हजर. मधल्या दिवसांत पायाला भिंगरी. सकाळी कोणाचा पाया, दुपारी कोणाचा स्लॅब. हरकतीला नकाशा लागल्यावर पंधरा दिवस आणि जिना उभा राहिल्यावर पुन्हा पंधरा दिवसांची मुदत असे. लोक गटाराची हरकत घेत, उजेडाची घेत, शेजाऱ्याच्या खिडकीची तर हटकून घेत. डोमाजीभाऊंची एकच ओळ, सुवाच्य अक्षरात: खाट वळते का?

कमिटीच्या बैठकीत ओव्हरसियर एकदा वैतागून म्हणाले, "मुन्शीजी, नकाशात सगळं बरोबर आहे. स्ट्रेचर आरामात वळतं."

"ष्ट्रेचर कोनाच्या घरी आहे, साहेब? खाट साऱ्यांच्या घरी आहे."

"पण कागदावर तर..."

"कागदावर सारंच वळते."

एका वकिलांनी बंगल्यात गोल गोल चढणारा लोखंडी जिना बसवला. नागपूरहून आणला होता. पाहायला माणसं येत. डोमाजीभाऊही खाट घेऊन गेले. जिन्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाट खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "जिना लई गोजिरा आहे. पन तुमी वरती पडले तं वरतीच राहा लागन." वकीलसाहेबांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. प्रेमाने नाही. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी झोपायची खोली खाली आणली, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी हे सगळं मजेने ऐकत, सांगत असे. शेठजींच्या इमारतीवर हरकत लागली आणि माझी मजा संपली. आठ ब्लॉक, त्यातला वरच्या मजल्यावरचा एक माझा. जुन्या घरमालकाच्या मुलाचं लग्न माघात होतं. त्याआधी मला सहा माणसांचं बिऱ्हाड उचलायचं होतं. हरकतीचा निकाल लागेपर्यंत काम बंद. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. घरी रोज एकच प्रश्न.

"झालं का तुमच्या त्या खाटेचं?" बायको विचारी.

"माझी नाही ती खाट."

"मंग अडून काऊन राह्यलो आपन?"

मी जाऊन मोजमाप घेतलं. खालून नऊ पायऱ्या, मग वळणावर सपाट जागा, मग उलट दिशेने नऊ. सपाट जागेची खोली तीन फूट. खाट सहा फूट लांब, पावणेतीन रुंद. आडवी, माणसासकट, ती तिथून वळणं शक्य नव्हतं. डोमाजीभाऊंचं म्हणणं इंचाइंचाने खरं होतं, याचा मला फार राग आला.

हमीद मिस्त्रीने उपाय एका वाक्यात सांगितला. "पिछली दीवार दीड फूट पीछे लेव, बस. पचहत्तर रुपये का काम है."

"एका खाटेसाठी पंचाहत्तर!" शेठजी माझ्याकडे वळले. "तुमीच समजवा त्याले. तुमच्यासारखाच आहे तो, आकड्यातला मानूस."

रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. एक खोली, एक चूल, एक कंदील. खाट मात्र राजासारखी मधोमध. मी हरकत मागे घ्यायची विनंती केली. माघाचं सांगितलं, सहा माणसांचं सांगितलं. ते खाटेचे दोर आवळत ऐकत होते.

"भाऊ," मी शेवटी चिडून म्हटलं, "तुम्ही तर खाली राहता. तुम्हाला दुसऱ्यांच्या जिन्याची एवढी काळजी कशाला?"

"खाली राहून पाह्यलं ना."

त्यांनी दोराला गाठ मारली.

"दोन साल झाले. ताप आला मले. तीन दिवस याच खाटेवर होतो. दारासमोरून मानसं जाऊन राह्यली होती, बोलनं आयकू येत होतं. भाजीचे भाव काय, पोराची शाळा काय. आवाज देवाले गेलो तं निघाला नाई. चौथ्या दिवशी ताप आपोआपच उतरला. तो तरी किती दिवस एकटा राहीन!" स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. "कुरखेड्याले असाच पडलो होतो एक खेप. चार गोंडाइनं खाटेसकट उचललं अन् आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. वीस मैल. मधात दोन नाले. ते काही माह्या नात्यागोत्याचे नोयते बापा. डेपोवर लाकूड टाकाले येत, अन् मी नेमी त्याइच्या मापात खोडी काढत जावो."

त्यांनी वही माझ्या पुढे सरकवली. का, ते सांगितलं नाही. मी आकड्यांची वही दिसली की वाचतोच. दोन वर्षांतल्या सगळ्या इमारती होत्या. पायऱ्या, रुंदी, वळण. या तीन रकान्यांची मला अपेक्षा होती. चौथा रकाना 'बाप्ये', म्हणजे इमारतीतले पुरुष, असा होता. कुठे तीन, कुठे सात. एका इमारतीपुढे लिहिलं होतं: जिना पास, मानसं नापास, सारे माजरीच्या खाणीवर जातात, दिवसा कोनी नाई. दुसरीपुढे: बाप्ये नऊ, पन एकमेकांशी बोलत नाईत.

आमच्या इमारतीचं पान शेवटचं. आठ ब्लॉक, बाप्ये अकरा. खाली एकेकाची नोंद. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: कारकून. कचेरी पाच मिनिटांवर. चिडतो, पन येतो. खांदा बरा.

मी नकळत खांदा चाचपला.

"गच्चीवर एक खोली काढून राह्यले शेठजी," डोमाजीभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले. "कोनी घेत नाई तिले, लई तापते म्हनून. मले चालते. गच्चीचा जिना सरळच आहे. खालचा तेवढा..."

भिंतीचे पैसे कोण देणार ते तिथेच ठरलं; हरकतीचं मी पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शेठजींकडे गेलो आणि भिंतीचा खर्च मालकाला पडणार नाही, एवढंच सांगितलं. शेठजींनी तीनदा विचारलं, कोण देणार. आणि चौथ्यांदा न विचारता हो म्हणाले.

पौषात भिंत पाडली, मागे घेतली, पुन्हा बांधली. ज्या दिवशी गिलावा सुकला त्या दिवशी डोमाजीभाऊ खाट घेऊन आले. धानाचं पोतं आणलं नव्हतं. हमीद मिस्त्रीच्या मदतीने रिकामी खाट उभी करून वरच्या मजल्यावर नेली, चप्पल काढली आणि स्वतः तिच्यावर निजले. हमाल ठरवलेले होते, पण ते आलेच नाहीत. निदान डोमाजीभाऊ तसं म्हणाले.

चार कोपऱ्यांना चौघे लागले. मी, हमीद मिस्त्री, खालचा ब्लॉक ठरवलेले पोस्टमास्तर, आणि चौथा कोणीच नव्हता म्हणून शेठजी.

"वजन काही नाई याचं," शेठजी पहिल्या पायरीला म्हणाले. पाचव्या पायरीला ते बोलायचे थांबले.

"आहिस्ता, शेठ! सर की तरफ ऊँचा रखो!"

"अहो पोस्टमास्तर, माझ्या पायावर आलात!"

"मास्तर, थोडं डावीकडे!" हा आवाज खाटेवरून.

"बिमार मानूस बोलत नसते, भाऊ! चूप निजा!" शेठजी धापा टाकत म्हणाले.

डोमाजीभाऊंनी डोळे मिटले. वळणावर आलो. वरची बाजू भिंतीला लागेल असं वाटलं, लागली नाही. चार बोटं मोकळी राहिली; मी पाहिली. खाट वळली. उरलेल्या नऊ पायऱ्या उतरून आम्ही ती अंगणात ठेवली आणि चौघेही कमरेवर हात ठेवून उभे राहिलो.

ते उठले नाहीत. डोळे मिटून तसेच पडून होते. पट्टी छातीवर, तिच्यावर दोन्ही हात. वही खिशातच होती. आम्हीही घाई केली नाही. पोस्टमास्तरांनी विडी काढली, शेठजी खाटेच्या कडेच्या दांडीवर टेकले आणि सिमेंटच्या भावाचं काहीतरी बोलू लागले.

त्याच संध्याकाळी भिंतीचे पंचाहत्तर रुपये डोमाजीभाऊंनी हमीद मिस्त्रीला दिले. गच्चीवरच्या खोलीचं दोन महिन्यांचं आगाऊ भाडं, सोळा रुपये, शेठजींना दिलं. जिन्यातून खाट उतरवायचे आम्हा चौघांना काही दिलं नाही. देऊ का, असं विचारलंही नाही.