उष्म्याचं स्थानिक कारण

मालीच्या पश्चिमेला, लोखंडी डोंगरांनी वेढलेल्या एका शहरात एप्रिलमध्ये उकडतं, ही गंभीर बाब अखेर शासनाच्या निदर्शनास आली. कारणं शोधायला राजधानीहून परिषद आली. तिच्यासाठी सभागृहाला थंड हवेची यंत्रं बसली. यंत्रांची तोंडं आत होती आणि गरम हवा फेकणाऱ्या पाठी मागच्या गल्लीत, जिथे दियेनेबा चवळीचे वडे तळायची.

दुपारपर्यंत गल्लीची भट्टी झाली. शेजारी भेंडी विकणारी साली भोवळ येऊन पडली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दियेनेबा तणतणत सभागृहात शिरली.

आत तज्ज्ञांनी सहाराचा कोरडा वारा, युरोपवर झाकणासारखी बसणारी जड हवा, महानगरांतलं सिमेंट आणि जगभरचा धूर अशी कारणं मांडली होती. स्थानिक कारण मात्र मिळेना. दिवसभर तापणारे डोंगर सरकारी असल्याने वगळले होते.

"साहेब, तुमची यंत्रं आमच्यावर आग ओकतायत. बंद करा."

"नाव?" अध्यक्ष कुलिबालींनी विचारलं.

"दियेनेबा त्राओरे."

"त्राओरे! म्हणजे आमच्या थट्टेच्या भावकीतली. चवळी खाऊन डोकं जड झालंय तुम्हा त्राओरेंचं." कुलिबाली आणि त्राओरे या कुळांनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणून चिडवायचं, अशी तिथली जुनी रीत होती.

"खाता तुम्ही कुलिबाली. मी नुसती विकते."

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, "म्हणजे चूल पेटवतेस?"

"मग वडे काय फुंकर मारून तळू?"

स्थानिक कारण सापडलं. चूल विझवण्याचा आदेश निघाला, टाळ्या पडल्या. धंदा बुडाल्याबद्दल दियेनेबाला 'उष्मापीडित सदस्य' नेमून पहिल्या रांगेत खुर्ची दिली. तिने तोंड उघडलं, पण वरून गार झोत आला. मानेवरचा घाम सुकला. तिने तोंड मिटलं.

एवढ्यात वीज कार्यालयाचा माणूस धावत आला. "दवाखान्यातले पंखे बंद पडलेत. इथली यंत्रं थांबवा, नाहीतर तिथे वीज पोचणार नाही."

परिषद लोकशाहीवादी होती. यंत्रं थांबवायच्या ठरावावर मतदान झालं. मतं समसमान पडली. फक्त नव्या सदस्याचं मत उरलं होतं; सगळे दियेनेबाकडे बघू लागले.

"मावशी, साली तुझीच शेजारीण ना?" वीजवाल्याने विचारलं.

"हो रे. बिचारी सोसेल. तिला उन्हाची सवय आहे."

दियेनेबाचा हात मांडीवरून हलला नाही. खरं सांगा, तुमचा हलला असता?

ठराव फेटाळला गेला. मग तिने अध्यक्षांकडे शाल मागितली.