उपाशी ओळीचा पाहुणचार

सुनेने गच्चीवर मक्याची एक ओळ मुद्दाम उपाशी ठेवली आहे, हे सासूबाईंना कपडे वाळत घालताना कळलं, आणि त्यांच्या हातातला चिमटा गळून खाली पडला.

सुनेचा अभ्यास मक्यावर चालू होता. तिच्या विभागातलं काचघर दुरुस्तीला निघालं म्हणून कुंड्या घरच्या गच्चीवर आल्या होत्या. ओळी तीन. पहिलीला पोटभर नत्र, दुसरीला अर्धपोटी, तिसरीला काहीच नाही. नत्राविना मका किती खुरटतो आणि कणसात दाणे किती भरतात, हे सरांना दाखवलं की पदवी पदरात. पहिल्या ओळीचा मका हिरवागार, पहिलवानासारखा दंड थोपटून उभा. तिसरीतला मात्र काटकुळा. खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत चाललेली आणि तो पिवळेपणा मधल्या शिरेच्या कडेने आत आत सरकत होता.

"खालचीच पानं का गं पिवळी?" सासूबाईंनी विचारलं.

"नत्र संपलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, आई."

सासूबाईंना गलबलून आलं. जुन्यांनी आपल्या तोंडचा घास काढून लेकरांना द्यायचा, आणि आपण ते उभं राहून बघायचं? त्यांचं अर्धं आयुष्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात गेलं होतं. समोरच्याने ताटावर हात आडवा धरला तरी हाताच्या फटीतून वाढणारी ही बाई. देवाने आपल्याला पाठवलं तेच मुळी वाढायला, अशी त्यांची श्रद्धा. तेवढा पोटचा मुलगा मात्र इतकं खाऊनही काडीचा काडीच राहिला होता. ते एक त्यांचं जुनं दुःख.

युरियाच्या डब्याला सुनेने कुलूप लावलं होतं. ती सासूला ओळखून होती. पण तापातून उठलेल्या अशक्त माणसाला काय देतात? साखरपाणी. त्याला कुठे कुलूप होतं?

पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यातल्या दोन कुंड्या त्यांना सगळ्यांत केविलवाण्या वाटल्या. सून घराबाहेर पडली की तांब्याभर साखरपाणी पदराखाली झाकून त्या गच्ची गाठायच्या, "घ्या बाळांनो," म्हणायच्या, आणि रिकामा तांब्या विसळून जागेवर ठेवायच्या. देवापुढे हात जोडताना, सुनेशी लबाडी केली एवढी माफ कर, पण भुकेल्याला दिलंय, असंही सांगून टाकायच्या. हिशेब चोख.

पण झालं भलतंच. त्या दोघी सुधारायच्या सोडून आणखी पिवळ्या पडल्या. सासूबाईंनी निष्कर्ष काढला की खुराक कमी पडतोय. चमच्याची वाटी झाली. तुरे सगळ्या झाडांना आले, पण कणसांचे केस बाकीच्यांना फुटून वाळायला लागले तरी या दोघींना बाहेर पडायचा हुरूप येईना. त्यात मुंग्या आल्या. आधी टेहळणीला चार-दोन, मग सगळं गणगोत घेऊन.

सरांच्या भेटीच्या आदल्या दिवशी सून गच्चीवरून खाली आली ती रडवेली होऊनच. एका ओळीतली सहाही झाडं सारखी दिसायला हवीत, पण दोन वेगळीच मरतुकडी झाली होती. सर म्हणतील, माती नीट कालवली नाहीस, सगळं पुन्हा लाव. म्हणजे अख्खा हंगाम पाण्यात. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो टाकीजवळच सायकल धुवायचा.

"साबणाचं पाणी कुंड्यांत टाकलंस ना तू?"

मुलगा शांतताप्रिय होता. लग्नानंतर त्याने एक गोष्ट शिकून घेतली होती, की गुन्हा कबूल केला की जेवण वेळेवर मिळतं. "पडलं असेल," तो म्हणाला.

त्या दिवशी जेवण वेळेवर मिळालं नाही. मिळालं तेव्हा सून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. निरपराध लेक मान खाली घालून जेवतोय, सुनेचे डोळे सुजलेत, आणि करणारी आपण शेजारी बसून वाढतोय, हे बघून सासूबाईंच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा कमी वाढलं गेलं. सकाळी देवापुढे त्या उभ्या राहिल्या, पण रोजचा हिशेब काही जुळेना.

सर आले. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर. त्यांनी कुंड्यांवरून नजर फिरवली आणि टाकीजवळ येऊन ते थबकले. सुनेने घसा साफ करून सायकलची हकीकत सुरू केली. सर खाली वाकून मुंग्यांकडे बघत होते. मुंग्या कुंडीतून उतरून जिन्याकडे निघाल्या होत्या आणि सरही त्यांच्यामागून दोन पायऱ्या उतरले. ती रांग थेट स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यापर्यंत जात होती, हे फक्त सासूबाईंना माहीत होतं.

"मुंग्यांचा माग नका काढू, सर," त्या म्हणाल्या. "त्यांचा काही दोष नाही. माझ्या लेकाचाही नाही. मी साखर घातली."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"बाकीच्या चार कुंड्यांना?" सरांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही? नीट आठवून सांगा, काकू. सगळं त्यावर आहे."

"देवाला साक्षी ठेवून सांगते, थेंबभरसुद्धा नाही. सगळ्यांना घातली असती तर डब्यातली साखर उतरलेली हिच्या ध्यानात आली असती."

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एकेक कणीस सोलायला सांगितलं. पोटभर ओळीचं कणीस टोकापर्यंत गच्च भरलेलं. अर्धपोटीचं शेंड्याला बोडकं. उपाशी ओळीतल्या चौघींची कणसं बोटाएवढी, मधून मधून दात पडल्यासारखी. आणि साखरवालीच्या कणसाला दाणे जेमतेम नावाला.

"मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, काकू," सर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "तुम्ही साखर वाढलीत, ते जेवायला धावले. पण नुसत्या साखरेवर त्यांचं भागत नाही, नत्रही लागतं. मातीत होतं नव्हतं तेवढं त्यांनी ओढून घेतलं. झाडाला वाटलं, आपल्यासाठी ताट मांडलंय. जेवून गेले भलतेच."

मग ते सुनेकडे वळले. चार कुंड्या शाबूत आहेत, तेवढ्यांवर शून्य नत्राची ओळ उभी राहते. या दोन वेगळ्या मांड, घडलं ते जसंच्या तसं लिही, सासूबाईंसकट. पुन्हा लावायची गरज नाही.

सून तिथेच टाकीच्या कठड्यावर बसली. आधी रडली, मग हसली, मग सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून दोन्ही एकदम करू लागली.

"रागावलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"खूप. उद्या रागावते, आई. आज अंगात त्राण नाही."

नवऱ्याकडे बघून तिने ओशाळं हसून कान पकडला. त्याने उदार मनाने मान डोलावली.

खाली चहा झाला. सासूबाईंचं मन पिसासारखं हलकं झालं होतं, आणि हलकं मन म्हणजे त्यांचा हात सैल. लेकाच्या कपात दोन चमचे पडले, तिसरा भरून वर आला. काटकुळ्या लेकाने त्या चमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग त्याने सरांकडे वळून, अगदी हळू आवाजात, विचारलं,

"सर, हे माणसांच्या बाबतीतही होतं का हो?"

सर आपल्या कपावर तळहात आडवा धरून बसले होते, बोटं घट्ट मिटून, एकही फट न ठेवता.