पाटावरचं इंजिन

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसलात. "आजी, शर्यतीच्या गाडीचं इंजिन कुणी घरात खोलतं का?" खोलतं. आपल्या जळगावच्या घराशेजारचे नाना खोलत असत, तुमचे बाबा कॉलेजात होते तेव्हा. तुम्हाला खोटं वाटलं, म्हणून लिहून पाठवते आहे.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत इंजिन पाटावर बसे आणि पाहुणे सतरंजीवर. एकदा त्यांनी माझी मोठी कढई मागून नेली. पाहुणे आले असतील म्हणून मी पुऱ्यांची कणीक मळून परात घेऊनच गेले. पाहते तर कढत तेलात चार पिस्टन! परात हातातून सुटायचीच बाकी होती.

"घाबरू नका वहिनी, तेल ताजं शे. पिस्टन तापल्याशिवाय पिन आत जात नाही."

"आणि माझी कढई?"

"धुऊन देतो ना. डिझेलनं."

गाडी त्यांच्या मुलाची, शरदची. शर्यतीत पळवून त्याने इंजिन जाम केलं, नाना त्याला नको ते बोलले, आणि तो धुळ्याला नोकरीवर निघून गेला. वर्षभर घरी पाऊल नाही. मग नानांनी निरोप धाडला, "बठ्ठं इंजिन खोलून ठेवलंय, आता जोडता येत नाही." तेव्हापासून शरद दर रविवारी पहिल्या एसटीने येऊ लागला. बापलेकांचं बोलणं एवढंच:

"चौदाचा पाना."

"नाना, इथे बाराचा लागेल."

"मग बाराचा दे. भाषण नको."

एका गुरुवारी दुपारी, इंजिन बसवलेली गाडी अंगणात अशी गरजली की माझ्या फडताळातल्या बरण्या थरथरल्या. धावत गेले, तर नाना एकटेच टाळ्या वाजवत होते. आणि शनिवारी पाहते, तर इंजिन पुन्हा खोललेलं!

"अहो, चांगली चालू झाली होती ना?"

"हळू बोला वहिनी. चालू झाली म्हटल्यावर शरद कशाला येईल?"

मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शरद आला. मागच्या खेपेला त्यानेच आणलेला नवा प्लग त्याने उचलला. प्लग काळा झाला होता. इंजिन चालल्याशिवाय प्लग काळा होत नाही, एवढं मलाही तोवर कळू लागलं होतं. शरदने प्लगकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना भिंतीकडे बघू लागले.

शरद बाह्या दुमडू लागला. "काम मोठं दिसतंय, नाना. अख्खा पावसाळा जाईल."

"जाऊ दे की," नाना म्हणाले.

नाना आता नाहीत. गाडी धुळ्याला शरदकडे आहे, आणि चालते.